अकराव्या नंबरचा बकरा

महामंत्रींच्या बायकोने त्यांना 'अहो' म्हटलेले मी वीस वर्षांत एकदाही ऐकले नव्हते. ती त्यांना 'महामंत्री' म्हणे. "महामंत्री, पाणी निवून राहिलं, आंघोळ करून घ्या." "महामंत्री, वांगी आणा, पण पाहून आणा. मांगच्या वेळी भाजीवाल्याची युनियन बांधत बसले अन् किडकी घेऊन आले." लग्नाच्या आठवड्यातच ते आमच्या युनियनचे महामंत्री झाले होते. नव्या नवरीने थट्टेत लावलेली ही हाक मग शेजाऱ्यांनी उचलली, दूधवाल्याने उचलली, बँकेच्या चपराशाने उचलली. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींनी यजमानाचे नाव विचारले तर ते स्वतःच क्षणभर अडखळले. त्यांचे खरे नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहिले तर भिलाईत त्यांना कोणी ओळखणार नाही.

आमचा कारखाना ढलाईचा. भिलाईच्या मोठ्या पोलाद प्लांटच्या सावलीत औद्योगिक वसाहतीत जे पन्नास कारखाने उगवले त्यांतला एक. रेल्वेच्या डब्यांना लागणारे लोखंडी भाग आम्ही ओतत असू. महामंत्री राहत मात्र प्लांटच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर सहात, कारण त्यांची बायको टाउनशिपच्या शाळेत गणित शिकवत असे आणि क्वार्टर तिच्या नावावर होते. दारावर दोन नावे होती. वर पितळी पाटी: 'महामंत्री'. खाली ऑइलपेंटने, बारीक अक्षरांत, बाईंचे नाव. पाटी ते दर रविवारी चिंच लावून घासत. मी एकदा म्हटले, "मॅडमचं बी नाव पितळेचं करा ना जी."

"तिचं नाव सरकारी कागदावर आहे गा," ते म्हणाले. "माझं कुठंच नाही. मले पितळ लागते."

मी त्यांच्या हाताखाली सापडलो तो टायपिंग येते एवढ्या गुन्ह्यावर. माझे वडील रेल्वेत, गोंदियाकडून बदलीवर दुर्गला आलेले. मी कारखान्यात फिटर. एके दिवशी जेवणाच्या सुटीत महामंत्री माझ्यासमोर येऊन बसले आणि माझ्या डब्यातली भेंडी न विचारता खात म्हणाले, "तुले खोटं बोलता येते का?"

"थोडं थोडं."

"बस झालं. मांगपत्र टाइप करायले तेवढं पुरते." आणि मी युनियनचा सहमंत्री झालो. निवडणूक वगैरे काही झाली नाही. भेंडी मात्र संपली.

मांगपत्र म्हणजे दरवर्षी करारापूर्वी व्यवस्थापनाला द्यायची मागण्यांची यादी. त्याकडे येतोच, पण आधी युनियनच्या खोलीतल्या भिंतीबद्दल सांगितले पाहिजे. त्या भिंतीवर चार खिळे होते. एकावर दिल्लीतल्या सरकारचा फोटो, दुसऱ्यावर रायपूरच्या सरकारचा, तिसऱ्यावर मालकाचे कॅलेंडर. चौथा मोकळा, "आपल्यासाठी राखीव". निकाल लागला की महामंत्री दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढत, जुने साहेब उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळत ("पुन्हा लागतील गा, फेकू नको") आणि नवे टांगत. आमच्यातले काही जुने कडवे लोक चिडत. त्यांना ते सांगत, "खिळा आपला, फोटो त्याइचा. खिळा निघाला तं मले सांगा." घोषणांचेही तसेच. वारे बदलले तशी सभेच्या सुरुवातीची घोषणा बदलली, शेवटची बदलली, मधले मांगपत्र तेच राहिले.

मोबाइल आले तेव्हा आम्हाला वाटले, आता महामंत्री अडकले. छे! त्यांनी पंधरा दिवसांत सिविक सेंटरमधल्या दुकानदाराकडून सगळे शिकून घेतले. रोज सकाळी सहाला आमच्या ग्रुपवर गुलाबाचे चित्र येई: 'सुप्रभात. मुद्दा क्रमांक चार: हातमोजे.' दुसऱ्या दिवशी सूर्योदयाचे चित्र: 'सुप्रभात. मुद्दा क्रमांक पाच.' लोक न वाचता हात जोडलेले चिन्ह टाकत. ह्या चिन्हांचे छापे काढून महामंत्रींनी ते व्यवस्थापनाला सादर केले: मुद्दा क्रमांक पाचला सर्व कामगारांचा लेखी पाठिंबा.

आणि ते चेहरा ओळखणारे मशीन! पूर्वी पाळी सुटली की गेटवर सभा होई; लोक पंधरा मिनिटे थांबत. नंतर थांबेनात. प्रत्येकाला घाई, कोणाची मोटरसायकल, कोणाच्या मुलीची ट्यूशन. मग कंपनीने हजेरीसाठी चेहरा ओळखणारे मशीन बसवले आणि त्याच्यापुढे लांबलचक रांग लागू लागली. सगळे युनियनवाले मशीनविरुद्ध निवेदने देत असताना महामंत्री एकटेच खूश. "अबे, लोक उभे आहेत, हालू शकत नाही, अन् सगळ्याइचं तोंड एकाच बाजूले. असा श्रोता कोणत्या पुढाऱ्याले भेटते?" ते मशीनच्या बाजूलाच उभे राहून भाषण करू लागले. भाषणात साहेबांच्या नकला असत. लोक हसत. आणि हसणारा चेहरा त्या मशीनला ओळखू येत नसे. हजेरी लागेना, रांग पुढे सरकेना, पाळी अर्धा तास उशिरा सुरू झाली. व्यवस्थापनाचे पत्र आले: 'आपल्या भाषणांमुळे उपस्थिती नोंदीत बाधा येत आहे.' ते पत्र महामंत्रींनी चौकट करून चौथ्या खिळ्यावर टांगले.

आता मांगपत्र. त्यात नेहमी अकरा मुद्दे असत. दहा का नाहीत, असे मी पहिल्या वर्षी विचारले होते. "दहा मागितले तं दहाईवर भांडा लागते. अकरावा बकरा असते. कापायसाठी."

हे त्यांचे खास शास्त्र होते. अकरावा मुद्दा मुद्दाम मोठा आणि अशक्य ठेवायचा. पहिल्या बैठकीत त्यावर टेबल आपटायचे, दुसऱ्या बैठकीत उठून जायचे. तिसऱ्या बैठकीत वाद अगदी ताणला की महामंत्री चष्मा पुसत म्हणत, "जरा चाय सांगा." ही खूण. जुन्या मालकाच्या मॅनेजरला ती पाठ होती. चहा येई, समोसे येत, आणि ते संपेपर्यंत अकरावा मुद्दा कागदावरून गेलेला असे. त्या बदल्यात मॅनेजर आमचे पाच-सहा मुद्दे मान्य करी. त्याच्याकडेही एक बकरा असे. तो दरवर्षी सायकल स्टँड बंद करण्याची धमकी देई आणि दुसऱ्या समोशाला मागे घेई. दोघेही जिंकून बाहेर पडत. ही खूण महामंत्रींच्या इतकी अंगवळणी पडली होती की घरीसुद्धा बाईंनी नको तो विषय काढला, म्हणजे रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटेल, कुठे घर पाहून ठेवा वगैरे, की हे चष्मा पुसत म्हणत, "जरा चाय सांगा." बाई म्हणत, "चाय नाही, उत्तर सांगा." पण चहा टाकत.

बकरे निरनिराळे झाले. एक वर्ष कामगारांसाठी पोहण्याचा तलाव होता. एक वर्ष सहकुटुंब विमानप्रवास होता, आणि तो एका स्थानिक पेपरने पहिल्या पानावर छापून आमची अशी टर उडवली की महिनाभर लोक आम्हाला "कितनी बजे की फ्लाइट है?" विचारत. तेव्हा महामंत्री म्हणाले, "यंदा जरा शोभेल असा बकरा पाह्य गा."

तो मी शोधला. हे कबूल करतो, कारण पुढे ज्याने त्याने त्याचे खापर त्यांच्यावर फोडले. मी टाइप केले: 'मुद्दा क्रमांक अकरा. ठेका मजुरांना नियमित कामगारांच्याच कॅन्टीनमध्ये जेवण, त्याच विश्रामगृहात जागा व त्याच कूलरचे पाणी मिळावे.'

आमच्याकडे तेव्हा नियमित कामगार कमी होत चालले होते. एक रिटायर झाला की त्याच्या जागी ठेकेदाराचे दोन येत. काम तेच, भट्टी तीच. पण ते जेवत वाळूच्या ढिगामागे कडुलिंबाखाली, आणि पाणी पीत नळाचे. नळाचा पाइप भट्टीच्या भिंतीवरून गेलेला. मे महिन्यात त्या पाण्यात पत्ती टाकली असती तर चहा झाला असता. आमच्या विश्रामगृहात कूलर होता, बाकडी होती, आणि कूलरला लागून हात असलेली एक खुर्ची होती. ती माझी.

हा मुद्दा व्यवस्थापन मान्य करणे शक्यच नव्हते, आणि मागताना आम्ही किती थोर दिसत होतो! महामंत्रींनी माझी पाठ थोपटली. "हा बकरा लय वर्षं चालते." सहा वर्षे चालला.

मनराखन नावाचा एक ठेका मजूर होता. जवळच्या कुरुद गावचा, साच्यात वाळू भरायचा, सायकलने यायचा. मांगपत्र आम्ही सायकल स्टँडच्या भिंतीवर चिकटवत असू. तो ते उभे राहून मोठ्याने वाचे आणि त्याच्याबरोबरचे पंधरा-वीस जण ऐकत. करार झाला की तो महामंत्रींना गाठे आणि हात जोडून विचारी, "ग्यारा नंबर के का होइस, महामंत्रीजी?"

"चर्चा में है, मनराखन."

तो मागे वळून बाकीच्यांना आनंदाने सांगे, "चर्चा म हे!" पाच वर्षे हे चालले. सहाव्या वर्षी हिवाळ्यात त्याने शेतातली तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या पाल्याची, भाजी पिशवी भरून आणली आणि महामंत्रींच्या हातात दिली; आमच्यासाठी दरवर्षी एवढं लिहिता, म्हणून. "हमर बर हर साल अतेक लिखथव, महामंत्रीजी."

महामंत्रींनी पिशवी घेतली. मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडले. औद्योगिक वसाहत ते सेक्टर सहा ते एक शब्द बोलले नाहीत, आणि महामंत्री गप्प म्हणजे मला आधी वाटले, मागचे सीट रिकामेच आहे. दारात उतरल्यावर पाटीकडे पाहत म्हणाले, "बकरा कोणाच्या घरचा आहे, हे आपण कधी इचारलंच नाही गा."

मी म्हटले, "भाजी कवळी दिसते. मॅडमले म्हणा, लसूण टाकून करा."

काय बोलून गेलो मी! अजून आठवले की जीभ चावतो.

त्याच वर्षी मालकाने कारखाना विकला. घेणारी कंपनी बाहेरची, तिचे गिऱ्हाईक परदेशातले. जुना मॅनेजर गेला आणि त्याच्या जागी एक तरुण साहेब आला. गोरा, नम्र, कडक इस्त्रीचा, लॅपटॉपवाला. त्याला भिलाई नवीन, आम्ही नवीन, समोसे तर वर्ज्यच. करार एक वर्षाऐवजी तीन वर्षांचा होणार होता. त्याच्या पडद्यावर आमचे अकरा मुद्दे रंगीत चौकटींत मांडलेले होते. पहिल्या बैठकीत महामंत्रींनी टेबल आपटले तेव्हा त्याने लॅपटॉप उचलून धरला. दुसऱ्या बैठकीतून आम्ही उठून गेलो तर तो दारापर्यंत सोडायला आला.

तिसरी बैठक. आम्ही चौघे एका बाजूला. सहा मुद्दे मान्य झाले, चार गेले. अकरावा आला. महामंत्रींनी चष्मा काढला. रुमाल काढला. काचा पुसू लागले. आता म्हणतील म्हणून मी वाट पाहतोय, तर ते आपले पुसताहेत. एक काच झाली, दुसरी झाली, पुन्हा पहिली.

साहेब पडद्याकडे पाहत म्हणाला, "पॉइंट ग्यारह... ये तो अच्छा है. हमारे कस्टमर के ऑडिट में भी यही पूछते हैं, सब वर्कर्स को एक जैसी सुविधा है कि नहीं. ठीक है. मंज़ूर."

मी टेबलाखालून महामंत्रींच्या पायावर पाय दिला. ते खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी मीच घाबरून ओरडलो, "सर, जरा चाय मंगाइए!"

"हाँ हाँ, बिलकुल," साहेब हसून म्हणाला, आणि चहा मागवला. चौकट हिरवी झाली ती झालीच. महामंत्रींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, जिथे दाखवली तिथे सही केली आणि चहा बशीत ओतून सावकाश प्यायले.

बाहेर येताच बाकीच्या दोघांनी त्यांना धरले. "चाय कावून नाही सांगितली?"

"इसरलो गा," ते म्हणाले. "वय झालं."

ह्या माणसाला वीस वर्षांतला प्रत्येक करार मुद्द्यांच्या नंबरासकट पाठ होता.

पहिल्या दिवशी ठेका मजूर कॅन्टीनच्या दारात घोळका करून उभे राहिले, आत येईनात. मनराखनने तर दारात बूट काढले. महामंत्री आतून ओरडले, "जूता पहन ले रे, मंदिर नहीं है. खाना भी वैसा नहीं है." मग ते आले. काहींनी घरून बासी आणली होती. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, बरोबर कांदा आणि हिरवी मिरची. आमच्या लोकांनी नाके मुरडली, दुसरे टेबल धरले. मे महिन्यात त्यांतलेच तिघे मनराखनच्या डब्यात हात घालताना मी पाहिले, कारण त्या उन्हात पोटाला तेवढेच गार वाटते. पण ते मेमध्ये. तोवर कारखाना पेटला होता. "आज कूलर देला, उद्या नोकरी देऊन बसेल हा माणूस." "आपली युनियन की त्याइची?" मी स्वतः तणतणत होतो, आणि माझे कारण फार तात्त्विक नव्हते. एका दुपारी विश्रामगृहात गेलो तर माझ्या खुर्चीत मनराखन डोळे मिटून बसला होता, कूलरचा वारा खात.

त्याच पावसाळ्यात मान्यतेची निवडणूक आली. कोणती युनियन व्यवस्थापनाशी बोलणार ते ह्या गुप्त मतदानाने ठरायचे, आणि मत फक्त नियमित कामगारांना. ज्यांना महामंत्रींनी कूलर दिला त्यांना मत नव्हते; ज्यांच्या कूलरला हात लावला त्यांनाच होते. विरोधी युनियनचा पुढारी सांगत फिरू लागला, "हम जीते तो चौबीस घंटे में ग्यारह नंबर बाहर."

आमच्या सभासदांनी महामंत्रींना खोलीत घेरले. हरलो तर युनियन संपली, आणि महामंत्रीही संपले, हे त्यांनी त्यांना स्पष्ट सांगितले. महामंत्री शांत. म्हणाले, "टाइप कर गा." आणि स्वतःच मजकूर सांगितला: आम्ही जिंकलो तर पहिल्याच दिवशी, करारावर सही करणारी युनियन म्हणून, मुद्दा क्रमांक अकरा मागे घेत असल्याची चिठ्ठी साहेबाला देऊ. मग सगळ्यांना समजावले, "पाहा, ज्यानं सही केली तोच एक मुद्दा मांगं घेऊ शकते. दुसऱ्याले पूर्ण करार उघडा लागते, अन् त्यात आपले सहा मुद्दे आहेत. म्हणून मत आपल्यालेच द्या." खाली सही ठोकली. लोकांचे समाधान झाले. महामंत्रींनी प्रचारही असा हसवत केला की मशीनने तीन दिवस कोणाची हजेरी घेतली नाही.

माझे समाधान मात्र झाले नव्हते. मला वाटले, हा माणूस बनेल आहे; चिठ्ठी 'इसरेल'. दुसरा निदान चोवीस तासांत म्हणतोय. कॅन्टीनमध्ये प्लायवूडच्या आडोशामागे मतपेटी होती. मी आत गेलो, वीस वर्षांचा सहमंत्री, आणि विरोधी युनियनच्या चिन्हावर शिक्का मारून बाहेर आलो. बाहेर महामंत्री उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटले, "झालं जी आपलं काम."

तीन मतांनी हरलो. मते दोनदा मोजली, तीनच. महामंत्रींनी विरोधी पुढाऱ्याला हार घातला, त्याच्या गालाला गुलाल लावला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सेक्टर सहाला गेलो. ते स्टुलावर बसून स्क्रू-ड्रायव्हरने पितळी पाटी काढत होते. चार स्क्रू. शेवटचा गंजला होता, निघता निघेना. मी मदत करू म्हटले तर "राहू दे" म्हणाले. इतक्यात बाई पडद्याआडून बाहेर आल्या, पाटी नसलेल्या दाराकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "अहो, जेवून घ्या."

महामंत्रींनी मागे वळून पाहिले. दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारली असे त्यांना वाटले असावे. मला तिथे उभे राहवेना. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो आणि काहीतरी कारण सांगून निघालो. एकच गोष्ट मनाशी घोकत होतो: तीन मतांनी हरले. माझे एक मत इकडचे तिकडे केले तरी एकाने हरलेच असते. म्हणजे मी काही पाडले नाही. हा हिशेब मी पुढची कित्येक वर्षे झोपेची गोळी घ्यावी तसा घेत आलो.

जिंकलेला पुढारी साहेबाकडे गेला. साहेब म्हणाला, "ज़रूर. पूरा एग्रीमेंट खोल लेते हैं, आपके बाकी छह पॉइंट भी फिर से देख लेंगे." पुढारी परत आला. लोकांनी विचारले, अकरा नंबरचे काय झाले? तो म्हणाला, "चर्चा में है." पुढच्या करारात तर तो विषय कोणी काढलाही नाही, कूलरला सगळे सरावले होते.

महामंत्री रिटायर झाले आणि रविवारचे कुरुदला जाऊ लागले. तिथे मनराखनच्या ओसरीवर त्यांनी ठेका मजुरांची युनियन बांधली. युनियनचे नाव काढले की ठेकेदार गेटपास अडकवील, म्हणून पहिले वर्षभर ती रामायण मंडळी होती. ढोलक, मंजिरा, चौपाई, आणि दोन चौपायांच्या मधे हातमोजे. आयुष्यात कधी देवळात न गेलेला हा माणूस मांडी घालून टाळ्या वाजवी. "फोटो त्याइचा," ते मला डोळा मारून म्हणाले, "खिळा आपला." मग नोंदणी झाली. महामंत्री मनराखन झाला. त्याच्या ओसरीत एकच खिळा आहे, त्यावर सायकलची चावी असते.

आणि मी? मीही साठीला रिटायर झालो, आणि दोन महिन्यांनी त्याच कारखान्यात, त्याच फिटरच्या कामावर, ठेकेदाराकडून परत लागलो. आता भट्टीवर नियमित शोधून काढावे लागतात. पहिल्या दिवशी दुपारी विश्रामगृहाच्या दारातच उभा राहिलो. मनराखन आतून म्हणाला, "आवव ना भैया," आणि कूलरजवळच्या खुर्चीतून उठला. मी बसलो. पाण्याचा गिलास हातात घेतला. सहा वर्षे मी ज्याचा बकरा केला त्या मुद्द्यातले पाणी मी पीत होतो.

येत्या सुटीच्या दिवशी जाऊन महामंत्रींना सांगून टाकायचे, असे तेव्हाच ठरवले.

दुपार होती. महामंत्री व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. बाई रिटायर झाल्यावर क्वार्टर भाड्याने त्यांच्याकडेच राहिले होते; दारावर स्क्रूची चार भोके तशीच होती. बाई आत स्वयंपाकघरात. मी प्रस्तावना करत बसलो असतो तर धीर गेला असता, म्हणून बसल्या बसल्या म्हणालो, "त्या निवडणुकीत मी तुमाले मत नव्हतं देलं जी."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केले नाही. पलीकडूनच म्हणाले, "मले माहीत आहे. बाहेर आला तेव्हा तोंड बासी सांडल्यासारखं होतं."

"मले माफ करा."

"कशाची माफी? मी बी नव्हतं देलं."

त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. "चिठ्ठीवर सही केली होती गा मी. जिंकलो असतो तं पहिल्याच दिवशी द्या लागली असती. सही केली की मी इसरत नाही."

मी बोटे मोडून मोजू लागलो. त्यांचे एक, माझे एक. इकडची दोन वजा, तिकडची दोन अधिक. वर्षानुवर्षे घेतलेली ती गोळी एकदम घशात अडकली. मला नीट जमेना, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"एका मतानं निवडून आले असते," आतून बाईंचा आवाज आला.

मोजणारी बोटे मी मिटली. मग म्हणालो, "मंग त्या दिवशी साहेबापुढं तुम्ही चाय सांगायचं खरंच इसरले होते, का..."

महामंत्रींनी वर्तमानपत्र खाली ठेवले. चष्मा काढला. रुमाल काढला आणि काचा पुसत आत तोंड करून म्हणाले, "जरा चाय सांगा."

आत गॅस पेटल्याचा आवाज झाला.

"सांगून राहिले," बाई म्हणाल्या, "महामंत्री."